पित्तनळीतून नमुना घ्यायचा तर ब्रश, चिमटा, सुई की आतली दुर्बीण?

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक झाली असेल तर ती आपल्या लक्षात येईल. परभणी जिल्ह्यातील आपल्या वडिलांना, वय ६२, दीड महिन्यापूर्वी कावीळ झाली. अंगाला खाज, शौचास पांढरट आणि लघवी गडद पिवळी. सोनोग्राफीत पित्तनळ्या फुगलेल्या दिसल्या, एमआरसीपीत, म्हणजे पित्तनळ्यांच्या एमआरआयत, मुख्य पित्तनळी एका ठिकाणी अरुंद झाल्याचे आढळले. ईआरसीपी करून, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण आतड्यात नेऊन तेथून पित्तनळीत शिरून, ब्रशने नमुना घेतला आणि प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे पित्ताला वाट देणारी बारीक नळी, टाकला. रिपोर्टमध्ये ‘कर्करोगाच्या निश्चित पेशी नाहीत, काही असाधारण पेशी आहेत’ असे लिहून आले. आता एक डॉक्टर एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडमधून सुईने तुकडा घ्या म्हणतात, दुसरे पित्तनळीच्या आत दुर्बीण घालून तपासा म्हणतात, तिसरे थेट शस्त्रक्रियेचे बोलतात. ‘यांतील सर्वांत खात्रीची पद्धत कोणती, आणि सुईने आजार पसरतो हे खरे का,’ असे आपण विचारले आहे.

मी मराठवाड्यात पोटविकार आणि एंडोस्कोपीचे काम गेली अनेक वर्षे करीत आहे. आपल्या वडिलांना मी तपासलेले नाही आणि त्यांच्या फिल्म पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे अंतिम निर्णय त्यांना प्रत्यक्ष पाहणाऱ्यांचाच राहील. तरीही निर्णयामागचा विचार समजला, तर तीन डॉक्टर तीन गोष्टी का सांगत आहेत हे आपल्याला उलगडेल आणि कदाचित त्यांच्यात वाटते तेवढा मतभेद नाही हेही कळेल.

‘सर्वांत खात्रीची पद्धत’ हा प्रश्न नैसर्गिक आहे, पण त्याला एक उत्तर नाही. अरुंद झालेली जागा, जिला आम्ही स्ट्रिक्चर म्हणतो, ती पित्तनळीच्या खालच्या टोकाला स्वादुपिंडाजवळ आहे की वर, यकृतातून येणाऱ्या डाव्या-उजव्या नळ्यांच्या संगमावर आहे, यावर निम्मे उत्तर अवलंबून असते. उरलेले निम्मे, रिपोर्ट काहीही आला तरी आपण पुढे काय करणार आहोत, यावर. आपल्या प्रश्नात ही जागा कोठे आहे हे लिहिलेले नाही. एमआरसीपीच्या रिपोर्टमध्ये ते नक्की असेल, तेव्हा प्रथम ते वाचून घ्यावे.

आता ब्रशच्या रिपोर्टविषयी, कारण माझ्या अनुभवात घरच्यांची सर्वाधिक दिशाभूल येथेच होते. पित्तनळीचा कर्करोग बहुधा कडक, तंतुमय ऊतींनी भरलेला असतो. त्यात कर्करोगाच्या पेशी विरळ असतात आणि पुष्कळदा त्या नळीच्या आतल्या अस्तराखालून पसरतात. ब्रश मात्र फक्त अस्तर खरवडतो. पेरणीआधी ओल पाहताना आपल्याकडचा शेतकरी वरची पापडी हाताने बाजूला सारून थांबत नाही, वीतभर उकरून माती मुठीत दाबून पाहतो. ब्रशला ते उकरणे जमत नाही. म्हणूनच निरनिराळ्या अभ्यासांची बेरीज केली असता, कर्करोग असलेल्या रुग्णांपैकी ब्रशने पकडले जाणारे साधारण ४५ टक्के भरतात. उलट, ब्रशने ‘कर्करोग आहे’ असे सांगितले तर ते जवळजवळ नेहमीच खरे ठरते.

याचा व्यवहारातील अर्थ एका हिशेबाने सांगतो. समजा, आपल्या वडिलांसारखे शंभर रुग्ण आहेत आणि वय, लक्षणे व फिल्म पाहता त्यांतील ७० जणांना कर्करोग आहे. हिशेब सोपा राहावा म्हणून ब्रश त्यांतील निम्मे, म्हणजे ३५, पकडतो असे धरू. उरलेले ३५ कर्करोगी आणि ३० बिनकर्करोगी, असे एकूण ६५ जण ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट घेऊन घरी जातात. त्या ६५ पैकी ३५ जणांना आजार आहेच! म्हणजे निगेटिव्ह ब्रशने शंका ७० टक्क्यांवरून केवळ ५४ टक्क्यांवर आली. हाच हिशेब ८० टक्के पकडणाऱ्या पद्धतीने केला, तर निगेटिव्ह आलेल्या ४४ जणांत १४ कर्करोगी उरतात, म्हणजे शंका ३२ टक्क्यांवर येते. तीही शून्यावर येत नाही. ‘रिपोर्ट निल आला’ म्हणून गावी पेढे वाटलेले आणि चार महिन्यांनी पुन्हा पिवळे होऊन आलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

शिवाय आपल्या रिपोर्टला निगेटिव्ह म्हणणेही योग्य नाही. ‘असाधारण’, म्हणजे पॅथॉलॉजिस्टच्या भाषेत ‘अटिपिकल’, हा स्वतंत्र वर्ग आहे. तो निगेटिव्ह आणि ‘संशयास्पद’ यांच्या मध्ये बसतो. खडे, संसर्ग, आधीचा स्टेंट यांमुळे होणाऱ्या सुजेनेही पेशी अशा दिसू शकतात आणि सुरुवातीच्या कर्करोगानेही. त्यामुळे पुढची सर्वांत स्वस्त पायरी आपल्या हातातच आहे. प्रयोगशाळेकडून मूळ स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला नमुना) असल्यास तो मागून घ्यावा आणि स्वादुपिंड-पित्तनळीच्या पेशी नेहमी पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवावा. मागितल्यावर ते मिळतात. फक्त पावती जपून ठेवावी लागते.

नमुना कसा हाताळला गेला, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. ब्रश स्ट्रिक्चरमधून दहाएक वेळा तरी पुढे-मागे फिरवावा लागतो. नंतर तो त्याच्या आवरणातून ओढून न घेता आवरणासकट बाहेर काढावा लागतो, नाहीतर कष्टाने मिळालेल्या पेशी आवरणातच पुसल्या जातात. काचपट्टीवर पसरलेला नमुना वाळू न देता लगेच अल्कोहोलमध्ये टाकावा लागतो आणि ब्रशचे टोक कापून द्रावणात ठेवले तर उरलेल्या पेशीही हाती लागतात. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत दिवाळीच्या सुटीच्या तोंडावर एका रुग्णाचा ब्रश मी साध्या सलाइनमध्ये ठेवून बाहेरगावच्या प्रयोगशाळेत पाठवला. तो चौथ्या दिवशी उघडला गेला, तोवर पेशी फुगून फुटल्या होत्या. ‘नमुना अपुरा’ असा रिपोर्ट आला आणि त्या माणसाला पुन्हा ईआरसीपी करावी लागली. चूक माझीच होती. तेव्हापासून ब्रशच्या बाटलीवर द्रावणाचे नाव आणि वेळ मी स्वतः लिहितो. आपल्याकडे ईआरसीपी एका शहरात आणि पॅथॉलॉजी दुसऱ्या शहरात असे वारंवार घडते. पुस्तकातील टक्केवारी आणि आपल्या पदरी पडणारा निकाल यांतील पुष्कळसा फरक या प्रवासातच होतो.

ब्रशचा सख्खा भाऊ म्हणजे चिमटा. त्याच ईआरसीपीत, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत, पित्तनळीत छोटा चिमटा नेऊन तुकडे घेता येतात. एकटा चिमटा ब्रशपेक्षा फार सरस नाही; त्याची पकड ४८ टक्क्यांच्या आसपास आहे. मात्र दोन्ही एकत्र केले तर ती ६० टक्क्यांच्या जवळ जाते, कारण एक पृष्ठभागावरून पेशी देतो आणि दुसरा थोडे खोलवरून ऊतक. यासाठी वेगळे महागडे यंत्र लागत नाही, फक्त वेळ आणि चिकाटी लागते. म्हणून ज्या स्ट्रिक्चरविषयी शंका आहे, तेथे केवळ ब्रश करून थांबू नये असे माझे स्पष्ट मत आहे. अलीकडच्या मार्गदर्शक सूचनांचाही कल तोच आहे. एक सावधगिरी मात्र हवी. यकृताची मुख्य शीर, म्हणजे पोर्टल व्हेन, पूर्वी कधी बंद झालेली असेल तर पित्तनळीभोवती फुगलेल्या शिरांचे जाळे तयार होते आणि त्यांच्या दाबानेही नळी अरुंद होते. अशा जागी चिमटा लावणे म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. त्यामुळे तुकडा घेण्याआधी डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) किंवा सीटीत ती शीर पाहिलीच पाहिजे, विशेषतः रुग्ण तरुण असेल आणि त्याची प्लीहा वाढलेली असेल तर.

आता सुईविषयी. एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडमध्ये दुर्बिणीच्या टोकाशीच सोनोग्राफीचा प्रोब असतो. ती जठरातून पुढे लहान आतड्याच्या पहिल्या भागात नेली की स्वादुपिंडाचे डोके आणि पित्तनळीचे खालचे टोक अगदी काही मिलिमीटरवर येते आणि पडद्यावर पाहत सुई थेट गाठीत घालता येते. येथे नमुना बाहेरच्या बाजूने येतो, त्यामुळे अस्तराखाली लपलेला आजारही सापडतो. गाठ स्पष्ट दिसत असेल, विशेषतः स्वादुपिंडाच्या डोक्यात, तर ही पद्धत ८० ते ९० टक्के रुग्णांत आजार पकडते. नव्या धाटणीच्या सुयांनी नुसत्या पेशी नव्हे, तर ऊतकाची बारीक कांडी मिळते, जिच्यावर पुढच्या विशेष चाचण्याही करता येतात. जवळच्या लसीका गाठींतूनही नमुना घेता येतो. आपल्याकडे हे महत्त्वाचे आहे, कारण क्षयाच्या गाठींनी पित्तनळी दाबली जाऊन झालेली कावीळ कर्करोगासारखीच दिसते आणि ती औषधांनी बरी होते.

पण हीच सुई नळ्यांच्या संगमावरील स्ट्रिक्चरला लावायची म्हटली, तर गणित बदलते. एक तर तेथे गाठ बारीक आणि दूर असते, त्यामुळे पकड कमी होते. दुसरे म्हणजे आपण विचारलेली ‘पसरण्याची’ भीती येथे निराधार नाही. खालच्या टोकाच्या आजारात सुई आतड्याच्या ज्या भागातून जाते, तो भाग पुढे शस्त्रक्रियेत बहुधा स्वादुपिंडाच्या डोक्याबरोबर काढलाच जातो. सुईचा मार्गही त्याबरोबर जातो. संगमावरील आजारात सुई पोटाच्या पोकळीतून पार होते आणि तो मार्ग मागे राहतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या यकृत प्रत्यारोपणाच्या गटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अनुभवात, अशा मार्गाने घेतलेल्या सुईत कर्करोग निघालेल्या सहा रुग्णांपैकी पाच जणांत पुढे पोटातील आवरणावर आजार पसरलेला आढळला. संख्या लहान आहे आणि त्यावरून टक्केवारी ठरवणे योग्य नाही. पण प्रत्यारोपणाचा विचार होऊ शकणाऱ्या रुग्णात मूळ गाठीला सुई लावायची नाही, हा नियम त्यातूनच दृढ झाला. शस्त्रक्रियेने आजार पूर्ण निघण्याची शक्यता असेल, तरीही संगमावरील गाठीला सुई लावण्याआधी मी शल्यविशारदाला फोन करतो. शस्त्रक्रिया शक्यच नसेल आणि केमोथेरपीसाठी पुरावा हवा असेल, तर ही भीती मागे पडते. म्हणजे सुईने आजार पसरतो का, याचे उत्तर ‘जागेवर आणि पुढच्या बेतावर अवलंबून आहे’ असे द्यावे लागते.

तिसरी पद्धत म्हणजे कोलँजिओस्कोपी. ईआरसीपीच्या दुर्बिणीच्या पोटातून साडेतीन मिलिमीटरच्या आसपास जाडीची दुसरी दुर्बीण पित्तनळीत जाते आणि स्ट्रिक्चर आतून दिसते. वेड्यावाकड्या, फुगलेल्या रक्तवाहिन्या, खडबडीत गाठी, सहज रक्त येणारा पृष्ठभाग अशी चिन्हे पाहून अनुभवी डॉक्टर बहुतेक वेळा बरोबर अंदाज बांधतात. त्याच वेळी छोट्या चिमट्याने नेमक्या जागेचा तुकडा घेता येतो. तुकड्याची पकड साधारण ६० ते ७५ टक्के, म्हणजे ब्रशपेक्षा निश्चित चांगली. तुकडे मात्र इतके चिमुकले असतात की पाच-सहा तरी घ्यावे लागतात. संगमाजवळच्या स्ट्रिक्चरला, पहिला ब्रश निष्फळ ठरल्यावर, मला ही पद्धत सर्वांत उपयोगी वाटते. तिचे दोष असे की ती महाग आहे, मराठवाड्यात मोजक्याच ठिकाणी होते, आणि नळीत पाणी सोडत पाहावे लागत असल्याने संसर्ग वर ढकलला जाण्याचा धोका असतो. म्हणून प्रतिजैविके द्यावी लागतात आणि शेवटी पित्ताचा निचरा चांगला होत आहे ना, हे पाहावे लागते. पडद्यावरच्या चित्रावर भुलू नये, हेही सांगितले पाहिजे. काही आठवडे स्टेंट राहिलेली नळी सुजलेली, लाल आणि खडबडीत असतेच. तिच्याकडे पाहून कर्करोग आहे असे वाटणे सोपे आहे. स्टेंटमुळे अल्ट्रासाउंडमध्येही भिंत जाड दिसते. सीटी, एमआरसीपी आणि शक्य असल्यास अल्ट्रासाउंड स्टेंटच्या आधी व्हावेत, असे आम्ही म्हणतो ते यासाठी. अर्थात, ताप आणि थंडी घेऊन आलेल्या रुग्णाला आधी स्टेंट टाकावाच लागतो, तेव्हा त्या निर्णयाला दोष देता येणार नाही.

‘फिश’ नावाची एक चाचणी ब्रशच्याच पेशींवर गुणसूत्रांच्या प्रती मोजते आणि काही अटिपिकल रिपोर्ट उलगडते. मिळाली तर उत्तम. तिच्यासाठी निर्णय लांबवू नये.

आता तिसऱ्या डॉक्टरांचे मत. थेट शस्त्रक्रिया सुचवणे म्हणजे घाई, असे समजू नये. रुग्ण तब्येतीने धडधाकट आहे, फिल्ममध्ये आजार कर्करोगासारखाच दिसतो, तो काढण्याजोगा आहे आणि कोणताही निगेटिव्ह रिपोर्ट आला तरी शल्यविशारद शस्त्रक्रियेचाच सल्ला देणार आहेत, तर आणखी एका नमुन्याने काय साधणार? वर केलेला हिशेब येथे पुन्हा आठवावा. मात्र कर्करोग समजून संगमावरची मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी दहा टक्क्यांच्या आसपास रुग्णांत शेवटी साधाच आजार निघतो, ही दुसरी बाजूही खरी आहे. म्हणून शस्त्रक्रियेआधी ‘आयजीजी-४’ नावाच्या प्रतिकारशक्तीशी निगडित आजाराचा विचार झाला आहे ना, हे जरूर विचारावे. तो वयस्क पुरुषांत जास्त आढळतो, हुबेहूब कर्करोगासारखा दिसतो आणि स्टेरॉइडने ओसरतो. त्यासाठी रक्ताची साधी तपासणी आहे. फिल्ममध्ये स्वादुपिंड सुजून सॉसेजसारखे दिसत असेल तर शंका वाढते. केवळ रक्तातील आकडा पाहून स्टेरॉइड सुरू करणे मात्र धोक्याचे, कारण काही कर्करोग्यांतही तो वाढलेला असतो. ‘सीए १९-९’ या तपासणीचेही तसेच आहे. नुसत्या काविळीने आणि संसर्गानेही ती खूप वाढते, तर काही लोकांच्या शरीरात तो पदार्थ जन्मतःच तयार होत नाही. कावीळ उतरल्यावर ती पुन्हा केली तरच काही अर्थ लागतो.

नमुना अपरिहार्य केव्हा असतो, हेही सांगतो. शस्त्रक्रियेआधी किंवा तिच्याऐवजी केमोथेरपी द्यायची असेल, प्रत्यारोपणाचा विचार असेल, फिल्म आणि लक्षणे यांचा मेळ बसत नसेल, किंवा आवरण नसलेला धातूचा स्टेंट टाकायचा असेल, तर पुरावा हातात हवाच. शेवटच्या मुद्द्यावर मी अडून बसतो. तो जाळीचा स्टेंट एकदा भिंतीत रुतला की काढता येत नाही. साध्या आजारात तो टाकला गेला तर त्या माणसाच्या मागे आयुष्यभराचे दुखणे लागते. ‘सारखा स्टेंट बदलण्यापेक्षा एकदाच पक्का टाका’ असा आग्रह नातेवाईक प्रेमापोटी धरतात, पण निदान होईपर्यंत प्लास्टिकचाच बरा.

हे सर्व आपल्या वडिलांना लावायचे तर मी असे करीन. अरुंद जागा खालच्या टोकाला असेल, तर एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड आणि सुई हीच पुढची पायरी. त्यासाठी छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागली तरी एक फेरी सार्थकी लागेल. जागा संगमावर असेल, तर कोणतीही सुई लावण्याआधी यकृत-पित्तनळीच्या शस्त्रक्रिया नियमित करणाऱ्या शल्यविशारदाला फिल्म दाखवीन. तेथे पित्ताशयाकडेही नीट पाहायला सांगेन, कारण आपल्या देशात संगमावरचा अडथळा पित्ताशयाच्या कर्करोगानेही पुष्कळदा होतो आणि तो पित्तनळीचा समजला जातो. शल्यविशारद म्हणाले की आधी पुरावा हवा, तर प्लास्टिकचा स्टेंट बदलण्याच्या वेळी, जी साधारण तीन महिन्यांच्या आत येतेच, त्याच बैठकीत कोलँजिओस्कोपीने तुकडे. ते शक्य नसेल तर ब्रश आणि चिमटा दोन्ही. तीन महिने पूर्ण होण्याची वाट मात्र पाहू नये.

जाताना एमआरसीपी आणि सीटीची सीडी बरोबर न्यावी. नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही. ईआरसीपीतील छायाचित्रे, स्लाइड, बिलिरुबिनचे जुने-नवे आकडे आणि वडील रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेत असतील तर त्यांची नावे हवीत. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत यातले काय बसते, हे त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला दाखल होण्यापूर्वीच विचारावे. डॉक्टरांना एवढेच विचारावे की हा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर तुम्ही काय कराल. त्याचे उत्तर स्पष्ट मिळाले, तर ती तपासणी करावी की नाही, हे आपल्याला कळेल.

दरम्यान, कोणी काविळीची माळ घाला, पाल्याचा रस द्या असे सांगेल. मुळात अडथळ्याची कावीळ त्याने उतरत नाही आणि आपल्याकडचा मौल्यवान महिना त्यातच जातो. वडिलांना थंडी वाजून ताप आला, डोळे पुन्हा पिवळे झाले किंवा त्यांचे बोलणे असंबद्ध वाटू लागले, तर स्टेंट तुंबला असे समजून त्याच रात्री रुग्णालयात न्यावे, सकाळची वाट पाहू नये.